कोरडा तवा आणि डाएट चार्ट

आखातात, मनामातल्या ज्या हॉस्पिटलात मी काम करते, तिथल्या किचनमधले वसईचे अंकल प्रत्येक तक्रार ‘खलास’वर संपवतात. बाजारात आधी माशाचं पोट दाबून बघतात आणि हल्ली बहुतेकदा तोंड वाकडं करतात.

माझंच ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या डाएट चार्टवर ‘ताकदीसाठी तारली’ लिहिलेलं होतं, म्हणजे तो छोटा तेलकट मासा. अंकल ताटाबरोबर तवाही घेऊन वॉर्डात आले.

“बघ बाय, कोरडा. पूर्वी तारली आपल्याच तेलात तळून निघायची. समुद्र तापला, तिचं खाणं बदललं, अंगातली चरबी गेली. खलास.”

तोच तवा त्यांनी डाएटिशियनच्या टेबलावर नेऊन ठेवला. ती म्हणाली, “चार्टप्रमाणे तारली दिलीत ना? मग झालं.”

झालं कसं? आजारी माणसाने चार्ट चावून खायचा का? समुद्र तापवणाऱ्यांना जाब विचारायची कुणाची हिंमत नाही, पण माझ्या भाताखाली उकडलेलं अंडं सापडलं तेव्हा चार्ट मोडला म्हणून अंकलना लगेच मेमो मिळाला. इतकी वर्षं इथे राबलेल्या माणसाला.

मेमोवर सही करून ते माझं जेवण घेऊन आले. भाताखाली त्या दिवशी दोन अंडी होती.