मोरगावच्या अलीकडचा मुक्काम

पाट्या वाचायची मला खोड आहे. मुलगा अमेरिकेत नोकरीला. गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे गेलो, तेव्हा या खोडीनं मी त्याला जेरीस आणलं. एका रुंद, गढूळ नदीच्या काठानं तो आम्हाला गाडीतून हिंडवत होता आणि जरा पुढं गेलं की रस्त्याकडेला एक पाटी. माझं इंग्रजी बेताचंच, म्हणून दर पाटीला गाडी थांबवायची आणि त्यानं अर्थ सांगायचा. दोनशे वर्षांपूर्वी सरकारनं धाडलेली एक तुकडी पश्चिमेचा समुद्र गाठायला या वाटेनं गेली होती. इथं त्यांनी मुक्काम केला. इथं पाऊस लागला म्हणून थांबले. इथं हरीण मारलं. बायको म्हणाली, "आता ह्यांनी इथं चहा प्याला अशी एक पाटी लावा, म्हणजे पुढं जाता येईल."

मला हसू आलं आणि रागही. त्या मुलखात आधीपासून माणसं राहत होती, त्यांना ती वाट ठाऊकच होती. आणि चालण्याचंच कौतुक असेल, तर माझा बाप इंदापूरच्या माळावरून मेंढरं घेऊन दरसाल कोकणात जायचा. दिवाळीनंतर निघायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. त्याच्या मुक्कामांना पाट्या लावायच्या म्हटलं तर खांब पुरायचे नाहीत.

मग टेकडीवर एक उंच दगडी खांब दिसला. मुलगा म्हणाला, अख्ख्या प्रवासात त्यांचा एकच माणूस दगावला, पोटाच्या दुखण्यानं. हा त्याचा खांब. पुढं नदीनं काठ खाल्ला, कबर वाहून जायची वेळ आली, तेव्हा गावच्या लोकांनी त्याची हाडं उचलून वर आणली. वाटेवर दगावलेलं माणूस आमच्याही घरात होतं.

माझी धाकटी बहीण कोकणातच जन्मली. नाव ठेवणारी आत्या गावी, म्हणून बारसं घरी गेल्यावर करायचं ठरलं होतं. परत येताना, जेजुरी सोडून मोरगावकडे निघालो आणि तिला ताप आला. आमचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी आणि बिऱ्हाडं, एका विहिरीजवळच्या रानात उतरला होता. तिथं ती गेली. बापानं विहीर आणि रस्ता यांच्या मध्ये, चिंचेखाली खड्डा घेतला. वर दगड रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्या. सकाळी वाडा हलला. मेंढरांना चारा लागतो, ती कुणासाठी थांबत नाहीत. मी घोडीवर कोकरांबरोबर बसलो होतो. आई पुढं चालत होती आणि तिचं लुगडं छातीवर ओलं झालेलं होतं. मला वाटलं, पाणी सांडलं असेल. ते दूध होतं, हे कळायला मला स्वतःचं पोर व्हावं लागलं.

त्यानंतर दरसाल तिथून जाताना आई घसरलेले दगड नीट लावायची. मग आमच्याकडे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, डाळिंब लावलं आणि ती वाट सुटली.

अमेरिकेतून आल्यावर मी आईला त्या खांबाची गोष्ट सांगितली. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे.

"हाडं वर नेली? घरच्यांनी?"

"न्हाय, तितल्याच लोकांनी."

"लोकांनी," ती म्हणाली. तिनं काठी जवळ ओढून घेतली. मग म्हणाली, "मला एकदा तितं ने बाबा. डोळं हायती तवर."

मला स्वस्थ बसवेना. लगेच बारामतीला जाऊन पाथरवटाकडून काळा दगड घडवून घेतला. नाव काय घालू, असं त्यानं विचारलं. नाव नव्हतंच. मग एवढंच कोरलं: आमचा वाडा इथं उतरला होता, आमची धाकटी इथं राहिली.

दगड डिकीत टाकून, आईला पुढं बसवून निघालो. मोरगाव मागं पडलं. रस्ता पार बदललेला, रुंद आणि गुळगुळीत. माळावर प्लॉटिंगच्या कमानी. आई काच खाली करून बघत होती. "गाडीतनं कळत न्हाय," ती म्हणाली. "मला चालू दे."

काठी टेकत ती चालली, मी मागून गाडीवाल्यांना हात करत. विहीर सापडली. तिच्या काठाचा झिजलेला दगड आईनं हातानं चाचपला. "व्हय, हीच." मग ती रस्त्याकडे वळली आणि थांबली. चिंच नव्हती. चिंच असायची ती जागाही नव्हती. गाड्या विहिरीच्या अगदी जवळून जात होत्या.

समोरचा टपरीवाला म्हणाला, "रुंदीकरणात गेली, आजी. जेसीबीनं मुळासकट काढली." हाडांचं त्याला काय विचारणार?

मी म्हणालो, "आई, दगड हितंच बसवू, हिरीपशी. जवळच हाय की." अमेरिकेतल्या त्या पाट्यांवरसुद्धा 'इथं जवळपास' असंच लिहिलेलं असतं, तेही मी तिला सांगितलं. नदी सरकली की नेमकी जागा कुणाला सापडते? खरं तर मलाच तो दगड बसवायचा होता. हात रिकामे घेऊन परत जाणं माझ्या जिवावर आलं होतं.

आईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यापाशी उभी होती. उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला, त्यामागून एक ट्रक. आईचा पदर उडाला.

"मेंढरं किती बी वरडू देत, झोपायची," ती म्हणाली. "येष्टी गेली की मातुर दचकून उठायची. मग मी तिच्या कानांवर हात ठेवायची."

मी तिचा दंड धरला. "चल आई." ती हलली नाही. काठी बाजूला ठेवून, अवघडत, ती पट्ट्यालगत खाली बसली. पुढून आणखी एक ट्रक येत होता. तिनं दोन्ही तळवे डांबरावर टेकले आणि तो निघून जाईपर्यंत उचलले नाहीत.