आत्याबाईच्या मिशा आणि प्ले-ऑफ

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं’ ही म्हण ज्याने काढली त्याला सख्खी बहीण नसणार. असती तर तिने ती म्हण त्याच्या तोंडातून बाहेरच पडू दिली नसती. मला ती दोन कारणांनी लागते. एक तर मी आत्या आहे. दुसरं कारण माझ्या वरच्या ओठाशी संबंधित आहे आणि त्यासाठी मी फोल्सहिल रोडवरच्या एका पंजाबी बाईंकडे नियमाने थ्रेडिंगला जाते. यापेक्षा जास्त मी त्या विषयावर बोलणार नव्हते, पण या हकिगतीत त्याला वगळून पुढे जाता येत नाही.

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, माझ्या फ्लॅटपासून दादाचं घर चालत जाण्याइतकं जवळ. रविवारचं जेवण तिकडेच. दादा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, वहिनी कौन्सिलच्या ऑफिसात आणि त्यांची एकुलती एक मुलगी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे शाळा संपल्यावर आणि युनिव्हर्सिटीच्या आधीची जी दोन वर्षं असतात त्यातल्या दुसऱ्या वर्षाला. ही माझी भाची तिथेच जन्मली, तिथेच वाढली. तिचं मराठी अस्खलित होतं, फक्त त्यात स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा पत्ता नव्हता. ती दर वेळी नाणं उडवून लिंग ठरवायची आणि नाणं दर वेळी उलटं पडायचं. मी दारातून आत शिरले की वरच्या मजल्यावरून आरोळी येई, “मम्मी, आत्या आला!” आणि दादा जिथे असेल तिथून, प्रसंगी तोंडात घास असताना, म्हणे, “आला नाही, आली.” सतरा वर्षं हे चाललं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. पण दादा पाणी ओतायचा थांबत नव्हता.

ही मुलगी कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर होती. आमच्या घराण्यात आजवर कुणी चेंडू अडवला असेल तर तो क्रिकेटचा, तोही पायावर बसल्यामुळे. दादाला फुटबॉल हा खेळच वाटत नसे. त्याच्या मते ज्या खेळात मध्ये चहाची वेळ होत नाही त्यात विचार करायला सवड नसते. पोरीने मात्र त्याच्यामागे एकच धोशा लावला होता, की एकदा तरी मॅच बघायला ये. मॅचेस बुधवारी दुपारी असत. बुधवारी दुपारी दादाची मीटिंग असे. मागच्या वर्षी मीटिंग होती, या वर्षीही होती. ती मीटिंग कधी रद्द झाल्याचं मी ऐकलं नाही.

मला शनिवारी हॉस्पिटलच्या फार्मसीत जावं लागे, म्हणून बुधवार मोकळा. त्यामुळे मॅचेस मी बघितल्या. नियम कळत नव्हते, थंडी कळत होती. पहिल्या काही मॅचेसमध्ये आमच्या पोरींनी इतका मार खाल्ला की मी घरी जाऊन निकाल सांगताना आकडे थोडे खाली आणून सांगत असे.

अशाच एका रविवारी जेवताना पोरीने पुन्हा विषय काढला. हे तिचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष, उन्हाळ्यात ए-लेव्हल्सची परीक्षा, मग ती युनिव्हर्सिटीला निघून जाणार. दादाने आमटीचा भुरका मारला आणि म्हणाला, “तुम्ही प्ले-ऑफला गेलात ना, की मी सुट्टी काढून येईन.”

प्ले-ऑफ म्हणजे काय, तर त्यांच्या लीगमध्ये मिडलंड्सची बरीच कॉलेजं होती आणि सीझन संपल्यावर वरच्या चार टीम पुढे खेळणार होत्या. आमची टीम तेव्हा खालून दुसरी होती. पोरीचा चेहरा एकदम उजळला. ते पाहून दादाला स्वतःच्या औदार्याची भीती वाटली असावी, कारण लगेच त्याने माझ्याकडे डोळे मिचकावत ती म्हण टाकली. पोरीने अर्थ विचारला. वहिनींनी विषय बदलायला तिला भात वाढला, पण दादाने मास्तरकी आवाजात शब्दशः सांगितलं, की आत्याला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटलं असतं, पण मिशा नाहीत, म्हणून ‘जर-तर’ला अर्थ नाही.

पोरीने माझ्याकडे वळून नीट, शास्त्रीय वृत्तीने पाहिलं.

“पण आत्याला आहे ना,” ती म्हणाली. “थोडा.”

वहिनींना ठसका लागला. दादाने लिंग आणि वचन दोन्ही सुधारलं. मी त्या रविवारी श्रीखंड न घेता घरी गेले आणि पुढच्याच दिवशी पंजाबी बाईंकडे.

पण पोरीच्या डोक्यात काहीतरी भलतंच पक्कं बसलं. आपण ही म्हण अशक्य गोष्टीसाठी वापरतो. तिने त्याचा अर्थ लावला की ही एक अट आहे आणि अट पुरी होऊ शकते. आत्याला मिशा, मग काका, मग प्ले-ऑफ. तिने ते जाऊन टीमला सांगितलं. तेव्हापासून त्या इंग्लिश, पंजाबी, आयरिश पोरी मला मैदानावर पाहिलं की ओठावर बोट आडवं धरून हसायच्या. मी पण हसायचे. दुसरं काय करणार?

आणि काय झालं कोण जाणे, टीम जिंकायला लागली. नाताळच्या आधी दोन-तीन मॅचेस ओळीने जिंकल्या. पोरीने एक पेनल्टी अडवली, ती मी घरी गेल्यावर सोफ्यावर उडी मारून दाखवली आणि माझी पाठ धरली. टीम खालून दुसरी होती ती मधोमध आली.

दादा हादरला. पण तो इंजिनिअर, हादरला की गणित मांडतो. रविवारी जेवण झालं की तो कॉम्प्युटरवरून लीगचा तक्ता छापून आणायचा आणि आमचा वाद सुरू व्हायचा. तो म्हणायचा, चान्स नाही. मी म्हणायचे, आहे. त्याला नेट रन रेट माहीत होता, तो त्याने गोल डिफरन्सला लावला आणि सगळं चुकवलं. मी ते चूक आहे म्हटलं तर त्याने मला ‘तू फार्मसिस्ट आहेस’ अशी आठवण करून दिली. वुल्व्हरहॅम्प्टनकडची टीम हरली आणि लेस्टरकडच्या टीमने बरोबरी केली तर, पण ती बरोबरी एकापेक्षा जास्त गोलांची असली तर, असं आम्ही लोणच्याच्या बरण्या सरकवत तासन्‌तास बोलायचो. प्ले-ऑफ ईस्टरच्या सुमारास होते, त्यामुळे वहिनींना एवढंच कळायला हवं होतं, की ईस्टरला भारताची तिकिटं काढायची का नाही. ते कुणीच सांगत नव्हतं. पोर शेजारी बसून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची. तिचा बाप तिच्या टीमबद्दल दोन-दोन तास बोलत होता, यातच ती खूश होती. मला तिचं तेवढ्यावर खूश होणं जास्त खुपत होतं.

संक्रांतीला मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला. कम्युनिटी हॉलमध्ये तिळगूळ वाटून झाल्यावर बघते तर दादाभोवती पुरुषमंडळींचा घोळका आणि दादा प्ले-ऑफची शक्यता समजावून सांगतोय. डिफेन्स कच्चा आहे, म्हणाला. मिडफील्डला दम नाही. गोलकीपिंग मात्र उत्तम, आमच्याकडे आहे ते. सगळे मान डोलावत होते. एकही मॅच न पाहिलेला माणूस उंटावरून शेळ्या हाकत होता आणि शेळ्याही त्याच्याच घरच्या. माझ्या हातात तिळगुळाचं ताट होतं, ते मी खाली ठेवलं.

“दादा, तिचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे?”

तो म्हणाला, “लाल. कॉलेजचा रंग लाल आहे.”

“टीमचा लाल. तिचा हिरवा. गोलकीपरचा वेगळा असतो.”

एवढंच बोलले मी. पण दर गुरुवारी तो हिरवा शर्ट धुऊन दादाच्याच हॉलमधल्या रेडिएटरवर वाळत पडलेला असायचा. सबंध हिवाळा त्याने त्या शर्टाशेजारी बसून तक्ते वाचले होते. घोळक्यातल्या कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला. परतताना गाडीत त्याने मला ‘तू सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतंस’ म्हटलं. मी म्हटलं, बोलणारच. मला खरोखर राग आला होता आणि तो पुढे बरेच दिवस टिकला.

मार्चमध्ये शेवटची बुधवारची मॅच आली तेव्हा आमची टीम पाचवी होती. गणित आता इतकं सोपं झालं होतं की दादालाही चुकवता येईना. आम्ही जिंकायचं आणि चौथ्या नंबरच्या टीमने तिची मॅच हरायची. आदल्या रविवारी मी दादाला विचारलं, येतोस का? तो म्हणाला, “प्ले-ऑफला येईन म्हटलंय ना, जाऊ तर दे त्यांना.” पोर ताटावरून उठून वर गेली.

मंगळवारी मी थ्रेडिंग करून आले. बुधवारी मैदानावर पोचले तर अख्खी टीम आयलायनरने मिशा काढून उभी. कुणाच्या पातळ, कुणाच्या झुपकेदार, एकीच्या टोकांना पीळ दिलेला. माझी भाची हिरव्या शर्टात, मोठाले ग्लव्ह्ज काखेत धरून, पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली.

“आत्या, प्लीज. तुझा सगळ्यात important आहे.”

आदल्या दिवशी डोळ्यांतून पाणी काढून जे उपटून घेतलं होतं, ते तिने दोन मिनिटांत परत काढलं, आणि मूळच्यापेक्षा भरगच्च. शेजारच्या इंग्लिश आयांनी मला संत्र्याच्या फोडी दिल्या आणि एक शब्दही विचारला नाही. या देशाचा मला हाच गुण आवडतो.

हाफ टाइमला आम्ही एका गोलने पुढे होतो. पोरी उड्या मारत होत्या. तेवढ्यात त्यांच्या कोचचा मोबाइल वाजला. दुसरी मॅच लवकर सुरू झाली होती, ती संपली होती आणि चौथ्या नंबरची टीम जिंकली होती. आता आम्ही दहा गोल केले असते तरी उपयोग नव्हता. पोरी गवतावर बसल्या. एकीने बाहीने मिशी पुसली, ती गालभर पसरली. भाची रडली नाही. ग्लव्ह्ज घालून सगळ्यांच्या आधी आपल्या गोलपाशी जाऊन उभी राहिली. मी वहिनींना मेसेज केला, की संपलं, तिकिटं काढा.

दुसरा हाफ बराच झाला होता. चिखलातून ऑफिसचे बूट सांभाळत, टाय खांद्यावर उडालेला, असा एक माणूस पार्किंगकडून येताना दिसला. तो दादा होता. जवळ येऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठावर पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, “काका, आमचा गोलकीपर कुठल्या बाजूला आहे?”

मी हिरव्या शर्टाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, उगाच मीटिंग सोडलीस, त्या बाहेर गेल्या, प्ले-ऑफ नाही आता.

“ठाऊक आहे. तुझ्या वहिनीने फोन केला.” तो अजून धापा टाकत होता. “म्हणजे हीच शेवटची ना.”

इतक्या महिन्यांत त्याने मांडलेलं हे पहिलं बरोबर गणित होतं. माझा राग गेला. असा सहज जायला नको होता, पण गेला.

तेव्हा तिने पाहिलं. बॉल पार दुसऱ्या टोकाला होता. ती दोन्ही ग्लव्ह्ज वर करून नाचायला लागली आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, “आत्या, बाबा आली!”

मी सवयीने दादाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं. सतरा वर्षांची सवय ओठांपर्यंत आली होती. मग त्याने तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला, “हो, आली! आली! अगं, तिकडे बघ, बॉल आला!”

बॉल खरंच आला होता. ती आमच्याकडे बघत हात हलवत होती आणि तो तिच्या मागून सरळ आत गेला.

मॅच एक-एक झाली. ती पोर आता मोठी झाली आहे, तिची क्रियापदं अजून तशीच आहेत. विषय निघाला की ती तो गोल बाबामुळे खाल्ला म्हणते आणि दादा बरण्या पुढे ओढून तो ऑफसाइड कसा होता ते सिद्ध करायला लागतो. ऑफसाइड म्हणजे काय ते त्याला आजही नीट माहीत नाही. मी हे बोलून दाखवलं की तो एक बरणी उचलून मध्यभागी ठोकतो.

“मला काय सांगतेस?” तो म्हणतो. “मी स्वतः तिथे होतो.”