खुळखुळ्याचं वाण

माझी मुलगी दहा महिन्यांची झाली तरी तोंडातून साधं ‘बा’ निघेना, तेव्हा सगळं घर तिच्या जिभेच्या मागे लागलं. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून बोटाने तिच्या जिभेला लावायच्या. ती कडकडून चावायची, तरी त्यांचा नेम चुकायचा नाही.

“जीभ जड हाय गो तिची. हिचा बापूस पन उशिराच बोलला.”

कानांचा विचार कुणाच्या गावीही नव्हता. बाळंतपणानंतर राजापूरहून घरी सोडताना नर्सबाईंनी रत्नागिरीला कानांची तपासणी करून घ्या, असं सांगितलं होतं. पण पोर खणखणीत रडत होतं. तिच्या कानांना काय धाड भरलीय, असं म्हणत ते राहूनच गेलं. त्यातून नवरा कतारला. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला की पोरगी हात आपटून हसायची. बापाचा आवाज कशी ओळखते बघा, असं आम्ही येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगायचो.

एका संध्याकाळी रेंजने दगा दिला. चित्र येईना, नुसता आवाज. तो हाका मारतोय, कोंबड्यासारखा आरवतोय आणि ही माझ्या बांगड्या ओढत बसलेली. मी आवाज पूर्ण वाढवून फोन तिच्या पाठीमागे धरला. तिने मान वळवली नाही. ती बापाचा आवाज नव्हे, चेहरा ओळखत होती.

सासूबाईंशी कडाक्याचं भांडण झालं. “धडधाकट पोरीला भैरी म्हन्तंस?” दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी पकडली, तर दुपट्यांची पिशवी घेऊन त्या फणकाऱ्याने शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

रत्नागिरीत पोरीला झोपवून डोक्याला वायरी चिकटवल्या. दोष दोन्ही कानांत निघाला. मी तिथेच रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यंत्राने ऐकेल, बोलायलाही शिकेल. जन्मल्यावर लगेच आणली असती तर अजून बरं झालं असतं. पण कितीतरी मुलं शाळेत घालायच्या वयात येतात हो.” घरी आल्यावर सासूबाईंनी वेखंड फळीवर टाकून दिलं.

श्रवणयंत्रं आली. पोरगी ती ओढून फेकायची. एकदा एक कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं. मी दिवसभर तिच्याशी बडबडायचे. हा तांब्या, ही वाटी, हा कावळा. नवरा म्हणाला, “हे काही तुला मुद्दाम शिकावं लागलं नसेल.”

पोरगी चालायला लागली, त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून खुळखुळे आणले. बायका खो खो हसल्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, “ह्या वयात मी खेलू की काय?”

“घरात, शेजारी तान्हं असेल त्याच्या पाठीमागून वाजवा,” मी म्हटलं. “वळलं नाही तर वेखंड उगाळत बसू नका. आणि वळलं तरी एकदा तपासून आणा.” सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. आजींनी खुळखुळा ताटात परत ठेवला.

तेवढ्यात कतारचा फोन आला. रेंज पुन्हा तशीच, नुसता आवाज. मी स्पीकर लावला.

“बाय, कुठे आहेस गो?”

पोरगी खाली बसून तिळगूळ चोखत होती. तिने मान वर केली. फोनकडे बघितलं, पण तिथे चेहरा नव्हता. मग ती उठली, दुडुदुडु दारापाशी गेली, दाराआड बघितलं, पडदा सरकवला, खाटेखाली वाकली. चेहऱ्याशिवाय नुसता आवाज येतो, हे तिला कुठे ठाऊक होतं?

“बा?” तिने खाटेखाली हाक मारली.

आजींचा हात हळूच ताटातल्या खुळखुळ्याकडे गेला. फोनमधून एक हुंदका आला, आणि तो ऐकून माझी पोर झटकन मागे वळली.