डाव्या हाताची सुरी

माझी बायको डावखुरी. गडहिंग्लजला माहेरी जेवायला आणि पूजेला तिला उजवा हात वापरायला लावला, पण भाजी चिरताना डावाच पुढं यायचा. विळीवर त्यानं काही बिघडत नसे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जमिनीवर बसणं कायमचं बंद केलं आणि तिला ओट्याशी उभं राहून सुरीनं चिरायची वेळ आली. बाजारातल्या सुऱ्या तिच्या हातात बसेनात. काकडीची चकती एकीकडं जाड, दुसरीकडं पातळ. "माझाच हात वाकडा," म्हणायची आणि सुरी धुऊन ठेवायची.

मी तेव्हा विमा कचेरीतून नुकताच निवृत्त झालो होतो. शाळेपासूनच्या एका मित्राचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तिथं रोज जाऊन बसायचो. त्याच्याकडं बेल्ट ग्राइंडर होता. खरखरीत पट्टा जोरात फिरतो, त्याला लोखंड टेकवलं की ठिणग्या उडतात आणि पातं घासलं जातं. त्यानं लोखंड कापायच्या यंत्राचं एक झिजलेलं पातं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बसून काय करतंयस? वहिनीला सुरी कर की."

सुरीला धार येते ती दोन्ही बाजूंच्या उतारांमुळं. ते उतार सारखे हवेत, धार मधोमध यायला हवी. माझ्याकडून ते काही होईना. एका बाजूला हात भरवशानं दाबायचा, बाजू बदलली की मनगट बिचकायचं. शेवटी सुरी झाली तेव्हा डावीकडचा उतार चांगला रुंद आणि उजवीकडं नुसती एक रेघ. मित्र हसला. म्हणाला, "लंगडी झाली रं!" मला लाज वाटली, तरी मूठ बसवून ती घरी नेली.

बायकोनं त्या संध्याकाळी कोबी चिरला. चिरता चिरता थांबली, सुरी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "अहो, ही झ्याक हाय." कोबी केसासारखा बारीक पडला होता. मला वाटलं, नवऱ्यानं केली म्हणून म्हणते आहे.

त्यानंतर मी हट्टालाच पेटलो. वर्कशॉपात टाकाऊ पाती घेऊन सराव करायचो. मित्र मागं उभा राहून ओरडायचा, "मनगटानं न्हाय, अंगानं सरक! कोपरं पोटाला लाव!" पात्याला मार्करची शाई फासायची, घासल्यावर कुठं उरली ते बघायचं, तिथं पट्टा लागलेला नसतो. एकदा ही बाजू, एकदा ती. पातं तापू नये म्हणून मध्येच पाण्यात बुडवायचं. हळूहळू दोन्ही बाजू एकसारख्या यायला लागल्या. नोकरीत असं काही हातानं घडवलं नव्हतं, त्यामुळं त्या दोन सारख्या उतारांकडं मी किती तरी वेळ बघत बसायचो. आणि घरी आलो की ओट्यावरची ती लंगडी सुरी डोळ्यांत खुपायची.

पुढं बायको भाच्याच्या लग्नाला म्हणून आजऱ्याला गेली. मी सुरी पिशवीत घातली आणि वर्कशॉप गाठलं. अर्ध्या सकाळीत काम झालं. उजवी बाजू डावीइतकी उतरवली, धार मधोमध आणली, मूठही घासून नवी केली. मित्रानं डोळ्यांसमोर आडवी धरून बघितली आणि पाठ थोपटली.

ती परत आली, दुसऱ्या दिवशी दोडका चिरायला घेतला. मी मुद्दाम दारात उभा होतो.

"काय केलासा हिला?" तिनं विचारलं.

"सरळ केली. आता बघ कशी चालते."

तिनं दोन-चार फोडी चिरल्या, सुरी आत आत वळत होती. तिनं ती ओट्यावर ठेवली. "ही माझी न्हाय," एवढंच म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मित्राला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "वहिनी डावखुऱ्या व्हय? आधी न्हाय सांगायचंस?" मग त्यानं मला समजावलं. डाव्या हातानं चिरताना काप डावीकडं पडतो. तिकडचा उतार रुंद असला की काप सुटून बाजूला जातो आणि दुसरी सपाट बाजू भाजीला घासून सरळ राहते. माझ्या अडाणी हातानं चुकून तिच्या हाताची सुरी केली होती. तिला कळलं होतं, तिनं सांगितलंही होतं. मीच तिचं बोलणं नुसतं कौतुक समजून सोडून दिलं. इतके महिने ती माझ्यासमोर चिरत होती आणि मी एकदाही तिच्या हाताकडं नीट बघितलं नाही, नजर सगळी पात्यावर.

घासलेलं लोखंड परत येत नाही. मी नवी पाती घेऊन मुद्दाम एकीकडं रुंद, एकीकडं अरुंद करायला बसलो. गंमत अशी की आता ते जमेना. अंगाला सारखं घासायची सवय लागली होती, हात आपोआप दोन्हीकडं तोलून दाब द्यायचा. ठरवून वाकडं केलं तर नको तितकं वाकडं व्हायचं आणि धारच नागमोडी यायची. मित्र म्हणाला, "ती एकदाच झाली म्हणायची, सोड आता." मी सोडलं नाही. एक बरी झाली, ती घरी दिली.

"चालतंय की," बायको म्हणाली.

आमच्याकडं हा शब्द उठता-बसता वापरतात, त्यात वाईट काही नाही. ती त्याच सुरीनं रोज चिरते. कोबी मात्र हल्ली जाडच असतो. मध्ये एकदा मी म्हटलं, दे, मी चिरतो. तिनं सुरी दिली, शेजारी स्टूल ओढून बसली आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. मी उजव्या हातानं चिरत होतो आणि काप एकीकडं जाड, दुसरीकडं पातळ पडत होते. ती खिडकीतून बाहेर बघत होती.