पोटाला सुट्टी

साध्या तापानं लेकरू कसं गेलं, असं लोक अजून विचारतात. साधा असेल तुमच्या लेकरांना, असं ओठांवर येतं, पण गिळते. त्या आठवड्यात छावणी भागातल्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तापानं पडली होती. ती सगळी उठून परत खेळायला लागली. माझी पहिलीतली लेक तेवढी उठली नाही.

तिचा आजार जन्माचाच होता. प्रत्येक ताप तिचं काहीतरी घेऊन जायचा. एका तापानंतर जिना चढणं गेलं, एकानंतर पेन्सिल धरणं. किती दवाखाने झाले, तेव्हा कुठं एका डॉक्टरबाईंनी तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करून घेतली आणि आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. मी, माझा नवरा आणि माझे सासरे, म्हणजे आबा.

मी बिडकीनला शाळेत विज्ञान शिकवते. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, एवढं वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन. पण हे ऊर्जाकेंद्र झिजतं, आणि झिजलेलं वेचून मोडीत काढायचं काम पेशी सतत करत असते, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या लेकीत ती वेचणी नीट होत नव्हती. "आपल्या शहरात कचरा उचलला नाही की काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको," बाई म्हणाल्या. फुटक्या मायटोकॉन्ड्रियातून त्यांचा डीएनए बाहेर सांडतो. पेशीला वाटतं, विषाणूच घुसला. आजार नसतानाही आत लढाई चालू राहते आणि अंग थकून जातं. शिवाय विषाणू आल्याची खबर पुढे पोचवणारी यंत्रणाही या मायटोकॉन्ड्रियाच्याच अंगावर बसलेली. म्हणून खरा विषाणू आला की हिचं शरीर कधी उशिरा जागं व्हायचं, तर कधी नको तेवढं पेटायचं.

औषध असं नव्हतंच. एकच गोष्ट बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितली. तापात पोट रिकामं ठेवायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं पेज, साखरेचं पाणी. खात नसेल किंवा उलटी झाली, तर तडक दवाखाना.

आबा करमाडच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गुरुवार, एकादशी, सगळे उपास कडक. ताप आला की लंघन करायचे, गोळी म्हणून घ्यायचे नाहीत. "पोटाला सुट्टी द्या, ताप आपसूक उतरतो," असं म्हणायचे. नातीवर जीव लई. पेन्सिल सुटली तेव्हा तिचं बोट धरून त्यांनीच परातीतल्या पिठात अक्षरं गिरवून घेतली होती. बाईंचं बोलणंही आमच्यात सगळ्यात लक्ष देऊन त्यांनीच ऐकलं होतं. तिथंच घात झाला.

ताप आला त्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी होती. रजा मागितली, मिळाली नाही. नवरा शेंद्र्याला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. सकाळी मी लेकीला पेज भरवली, उरलेली झाकून ठेवली, आबांना सगळं परत समजावलं आणि निघाले. दुपारी फोन केला तर म्हणाले, "पिली पेज. निजली आता." माझा जीव भांड्यात पडला.

नंतर शेजारच्या खालाचा फोन आला. "बेटी, जल्दी आ. बच्ची आँख नहीं खोल रही."

खालानंच तिला रिक्षात घालून आबांबरोबर बाईंच्या दवाखान्यात आणलं होतं. मी पोचले तेव्हा सलाईन लावलेलं होतं. शेवटचं काय खाल्लं, बाईंनी विचारलं. दुपारी पेज, मी म्हणाले. भिंतीला टेकून उभे असलेले आबा म्हणाले, "नाय. सकाळपासून मी काहीच दिलं नाय."

ते सांगत होते, "उपासानं पेशीची आतली सफाई व्हती, असं पेपरात वाचलं व्हतं. हिच्यात तीच व्हत न्हवती ना? म्हणलं, एक दिवस पोटाला सुट्टी देऊन बघू." आणि खोटं का बोललात, मी विचारलं. "तू रागावली असतीस."

रागावले असतेच. बाई एवढंच म्हणाल्या की निरोगी माणसाला जे चालतं, ते हिला पेलणारं नव्हतं, पण सगळं उपाशी राहिल्यानंच झालं असंही सांगता येत नाही, विषाणूनंही जोर केला होता. हे न कळणंच मला जाळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

सुतकात घरात चूल पेटवायची नसते, म्हणून करमाडहून भावकीनं पिठलं-भाकरी आणली. आबा ताटाला हात लावेनात. सगळे विनवत होते, आबा, दोन घास खा. ते माझ्याकडं बघत बसले. नवरा हळूच म्हणाला, "तू म्हण. तुझ्याशिवाय खायचे नाहीत." मनात आलं, राहू दे उपाशी, घेऊ दे आतली सफाई करून. मग उठले, भाकरी कुस्करली, त्यावर पिठलं घातलं आणि ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "खा, आबा."

ते रडत रडत सगळं जेवले. सुनेनं माफ केलं, असं त्यांना वाटलं. अजून तसंच वाटतं. मी माफ केलेलं नाही, आणि हे त्यांना कधी कळू देणार नाही.