चित्रात नसलेले काका

एखाद्या ठिकाणी नसण्याचा माझ्या बायकोच्या काकांइतका अभिमान बाळगणारा माणूस या भूतलावर दुसरा झाला नसेल. लोक आपण कुठे कुठे होतो ते सांगतात. कुणी मंत्र्याच्या शेजारी फोटोत उभा असतो, कुणाचा मेव्हणा एका सिनेमात पंगतीत जेवताना पाठमोरा दिसतो. आमचे काका एका प्रसिद्ध चित्रात नाहीत. चित्राच्या अगदी मधोमध, चांगल्या उजेडात नाहीत. आणि हे आपलं नसणं दाखवायला महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा, मग तो डोळ्यांच्या ऑपरेशनला आलेला का असेना, ते बसवनगुडीला घेऊन जात. घेऊन जायला गाडी लागते. गाडी माझी. मी व्हाइटफील्डला, काका सर्जापूर रोडला, पाहुणे जिथे उतरले असतील तिथे. शनिवारी सकाळी या तीन बिंदूंतून रेषा काढणं म्हणजे काय, हे बंगळूरबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही आणि बंगळूरच्या माणसाला सांगायची गरज नाही.

बसवनगुडीत एक जुनं कौलारू घर आहे. तिथे एक चित्रकार राहत. घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे वाक्य मराठीत निघालं तरी वाटेत दोनदा कानडीत उतरून चहा पिऊन येई. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते आणि पुढे त्यांची बहीण अक्का, दोघंही गेल्यावर घराचं म्युझियम झालं. आता तिथे तिकीट आहे, बुटांवर घालायच्या कापडी पिशव्या आहेत, आणि शेवटच्या खोलीत एका भिंतीवर एकटंच ते चित्र आहे. खिडकी, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, उन्हात एक वेताची खुर्ची. खुर्चीत कुणी नाही. तिकिटावर हेच चित्र, कपावर हेच, कापडी पिशवीवर हेच. खाली पाटी: ‘रिकामी खुर्ची’. पुढे इंग्रजीत आणि कानडीत एक परिच्छेद, ज्याचा सारांश असा की चित्रकाराने इथे माणसाचं नसणं रंगवलं आहे.

तो नसलेला माणूस म्हणजे काका. सांगलीहून इंजिनियर होऊन ते इथल्या सरकारी कारखान्यात आले, तेव्हा अण्णांच्या घरामागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. अण्णांनी त्यांना रविवारी सकाळी समोर बसवून चित्र काढायला घेतलं. आधी खिडकी, मग खुर्ची, माणूस सगळ्यात शेवटी. “माणसाची घाई नाही म्हणायचे अण्णा. आणि तेवढ्यात मला कंपनीचं क्वार्टर मिळालं, ते राहूनच गेलं,” एवढी हकिकत काका पाहुण्यांना सांगत. त्या मागच्या खोलीत आता म्युझियमचं स्वच्छतागृह आहे. तेही ते दाखवत. “इथे माझी कॉट होती,” असं ते पुरुषांच्या बाजूला बोट करून म्हणत, आणि आतून बाहेर येणारा माणूस दचकून त्यांना वाट देई.

काकांचा आणि खुर्चीचा संबंध एवढ्यावर संपत नाही. कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ते तिला चारी बाजूंनी हलवून बघतात. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी हॉलमधल्या साठ खुर्च्या तपासून नऊ बाद केल्या होत्या, आणि त्या नऊंपैकी एकीवर माझे साहेब आधीच बसलेले होते. “उठा साहेब, ही तुम्हाला धोका देणार,” असं काका म्हणाले. साहेबांनी हसून मान हलवली. खुर्चीनेही हलवली. माझं त्या वर्षीचं प्रमोशन कशामुळे हुकलं यावर मी दुसरी कारणंही देऊ शकतो, पण मला हे आवडतं.

दुसरी खोड वेळेची. अकराला बोलावलं तर काका नऊपासून कपडे घालून, मोजे चढवून दाराशी बसलेले असतात, आणि दर अर्ध्या तासाने फोन करतात. “येताय ना जावईबापू? नाही, येऊ नका असं नाही. येताय ना, एवढंच.” त्यांना गृहीत धरलेलं चालत नाही, आणि न बोलावता ते शेजारच्या फ्लॅटमध्येही पाऊल टाकत नाहीत. तिसरी खोड जेवणातली. आग्रह करकरून वाढतील, आणि समोरचा “पुरे” म्हणाला की डाव हवेत धरून विचारतील, “पुरे म्हणजे आत्तापुरतं पुरे, की आता वाढूच नको?” माझी आई एकदा या प्रश्नाने इतकी गोंधळली की तिने चौथ्यांदा आमटी घेतली. आम्ही घरी यावर खूप हसलो आहोत. काका समोर नसताना तर फारच.

म्युझियममध्ये काका चित्राच्या डाव्या बाजूला, दोरीला पोट टेकवून उभे राहत. रखवालदार “अज्जा, स्वल्प हिंदे,” म्हणून त्यांना मागे सरकवी, ते “सरी सरी,” म्हणून तेवढेच पुन्हा पुढे येत. एकदा एक गाइड मुलगी दहा-बारा माणसांना समजावत होती, की ही खुर्ची म्हणजे आधुनिक माणसाची अनुपस्थिती आहे. काका घसा साफ करून म्हणाले, “मॅडम, दॅट अ‍ॅब्सेन्स इज मी.” घोळक्यात हसू फुटलं. त्या मुलीने मात्र वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला वाटतं, दुसऱ्या दिवसापासून तिनेही तो विनोद सांगायला सुरुवात केली असावी. मी मागच्या भिंतीवरच्या चित्रात डोकं घालून उभा होतो. काकांबरोबर कुठेही गेलो की मला कलेत एकदम रस उत्पन्न होतो.

तीन वर्षांपूर्वी काकांनी माझ्या हातात फुलस्केपची तीन पानं ठेवली. म्युझियमला पत्र. पाटीवर एक ओळ वाढवावी, अशी विनंती. “तुम्ही दिवसभर तेच करता ना ऑफिसात? आजकालच्या इंग्रजीत बसवा आणि त्या ईमेलने धाडा.” मी पहिलं पान वाचलं. “विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट” असं सुरू होऊन त्यात कारखान्यातला हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि खोलीची लांबी-रुंदी फुटात दिली होती. मला वाटलं, म्हातारपणी नाव पाटीवर यावंसं वाटतंय, दुसरं काय. मी पानं गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली, टोलच्या पावत्यांवर. उद्या करू म्हटलं. ज्याला दिवसाला ऐंशी ईमेल लिहायला जमतात त्याला एक्क्याऐंशीवं जमत नाही, असा काहीतरी नियम असावा.

पंधरा दिवसांनी काकांनी विचारलं. मी म्हणालो, “पाठवलं की.” खोटं हे चांगल्या घरच्या मुलीसारखं असतं, एकटं कुठे जात नाही. पुढच्या महिन्यात मी एक कमिटी जन्माला घातली. ती तीन महिन्यांतून एकदाच बसे. मग म्हणालो, निर्णय क्युरेटरबाईंच्या हातात आहे. मग बाईंना बाळंतपणाच्या रजेवर धाडलं. इथे तरी विषय संपेल असं मला वाटलं होतं. पण काकांनी वर्षभर पत्राचं नाव काढलं नाही, आणि दर फोनला बाईंची चौकशी मात्र केली. “सुटका झाली का? काय झालं?” मी म्हणालो, मुलगी. काका खूश झाले. “छान. तिला जरा मोठी होऊ दे. आपली घाई नाही.” बायको हे ऐकून माझ्याकडे बघत होती. “कोणाला मुलगी झाली?” तिने विचारलं. “ऑफिसात,” मी म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात काका म्हणाले, या वेळी पाहुणे नकोत, आपण दोघंच जाऊ. गाडीत बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर एक पुडकं होतं. तिकिटाच्या खिडकीशी ते पुडकं पुढे करून काका तिकीट देणाऱ्या बाईंना इंग्रजीत म्हणाले, की क्युरेटर मॅडम रजेवरून आल्या असतील तर हे त्यांच्या मुलीसाठी. आत लाल किनारीचं झबलं होतं. खिडकीतल्या बाई गोंधळल्या. “क्युरेटर सर आहेत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आतल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे सहा फूट उंचीचे, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसून डबा खात होते. माझ्या पायांखालची फरशी सरकली वगैरे काही नाही, फरशी अगदी जागच्या जागी राहिली, हाच त्रास होता.

काकांनी दाढीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. खुर्ची हलवून बघायला लागतो तेवढाच. मग त्या बाईंना शांतपणे विचारलं, की दोन वर्षांपूर्वी एक पत्र आलं असेल, रिकाम्या खुर्चीबद्दल. त्यांनी संगणकात शोधलं, दाढीवाल्यांना विचारलं, पुन्हा शोधलं. नव्हतं. “बरोबर,” काका म्हणाले. “यांच्या व्हाइटफील्डचे सर्व्हर सारखे पडतात. यांचा काही दोष नाही.” झबलं त्यांनी त्या बाईंनाच देऊन टाकलं. त्यांच्या बहिणीला बाळ होतं म्हणे. त्या दिवशी काका चित्रापर्यंत गेलेच नाहीत. परतीच्या वाटेवर, एरवी प्रत्येक चौकाचा इतिहास सांगणारा हा माणूस सिल्क बोर्डच्या सिग्नलपर्यंत नुसता रस्ता बघत होता. तिथे फक्त म्हणाला, “डावी लेन मोकळी आहे.”

त्यांना सोडून मी आमच्या बेसमेंटमध्ये गाडी लावली, आणि गाडीतच बसून ती पानं काढली. दुसऱ्या पानावर चित्र कुठवर आलं होतं ते होतं. तिसऱ्या पानावर इंग्रजी संपलं होतं. ते मराठीत होतं.

“त्या रविवारी मी अण्णांना म्हणालो की चित्रातल्या खुर्चीचा मागचा पाय अर्धा इंच आखूड आहे, बसणारा पडेल. अण्णा ब्रश पुसत ‘साकु’ म्हणाले. मला इथे येऊन सहा महिने झाले होते. साकु म्हणजे पुरे, एवढी कानडी मला येत होती. मला वाटलं, माझंच पुरे झालं. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. बोलावतील म्हणून कपडे करून खोलीत बसलो. त्यांनी बोलावलं नाही. त्यानंतर वर्षभर आम्ही एकाच नळावर पाणी भरलं. पावसाचं बोललो, भाजीचं बोललो. ते गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा अक्का म्हणाल्या, अरे, तो ऊन सरकलं की साकु म्हणायचा, जेवताना साकु म्हणायचा. तू आला नाहीस त्या रविवारी तुझी खुर्ची मांडून, रंग काढून, बारा वाजेपर्यंत बसला होता. तरी विनंती की पाटीवर एक ओळ घालावी. हे चित्र पुरं झालेलं नाही. यात चित्रकाराची चूक नाही. बसणारा आला नाही. माझं नाव घालू नये.”

मी त्याच बेसमेंटमध्ये, फोनवर, अंगठ्याने ते सगळं इंग्रजीत केलं आणि पाठवलं. अर्धा तास लागला. उत्तर दोन दिवसांत आलं. फार सभ्य उत्तर होतं. आपल्या आठवणी आमच्यासाठी मोलाच्या आहेत. तथापि चित्रकारांनी जिथे थांबवलं तिथेच चित्र पूर्ण आहे, असं आमचं मत आहे. ज्येष्ठ नागरिकांना दर मंगळवारी प्रवेश विनामूल्य असतो.

तो कागद छापून मी सर्जापूर रोडला गेलो. लिफ्टमध्ये मी ‘कमिटी विचार करते आहे’ हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं, हे लपवत नाही. काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, कागदाची नीट चौघडी केली.

“तिसरं पान वाचलंत?”

“वाचलं.”

“‘ऊन सरकलं की’चं इंग्रजी काय केलंत?”

मी सांगितलं. काकांनी ते मनाशी एकदा म्हणून बघितलं, मान हलवली. “नाही जमलं,” म्हणाले, आणि कॉफी ठेवायला आत गेले. मी माफी मागायची म्हणून बाहेर बसून होतो. कॉफी आली. कॉफीबद्दल बोललो.

त्यानंतर काकांनी कुणालाही बसवनगुडीला नेलेलं नाही. मागच्या महिन्यात नाशिकहून माझा मावसभाऊ आला, बंगळुरात बघण्यासारखं काय आहे म्हणाला. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “लालबाग.” शनिवारी आता मी लवकर आंघोळ करतो, गाडीची किल्ली खिशात टाकतो आणि पेपर वाचत बसतो. “जायचंय कुठे?” बायको विचारते. मी म्हणतो, काका म्हणाले तर. “मग तूच विचार ना फोन करून,” ती म्हणते. करतो मी फोन. तिकडे पाऊस आहे का, एवढं विचारतो.