आपांना भीती वाटायची

रस्त्यावर धुकं दिसलं, की शमीम आपा गाडी सरळ पेट्रोल पंपावर घ्यायच्या, इंजिन बंद करायच्या आणि मागे वळून आम्हाला सांगायच्या, "मला भीती वाटते. धुकं जाईपर्यंत मी काय हलणार नाय. यल्ला, चहा घ्या."

दुबईतल्या करामाहून उम्म अल कुवैनला, आमच्या कारखान्याच्या ऑफिसात, आम्ही चौघं त्यांच्या गाडीतून जायचो. हिवाळ्यातल्या सकाळी पुढच्या ट्रकचा दिवाही दिसू नये असं धुकं पडायचं. बाकीचे लोक चारही इंडिकेटर लुकलुकवत सुसाट जायचे. मागच्या सीटवरचे सावंत कुरकुरायचे, "आपा, मॅनेजर आज खाऊन टाकेल." आपा त्यांच्यापुढे बिस्किटांचा पुडा धरायच्या. "सावंत, मॅनेजरने खाल्लेला माणूस संध्याकाळी घरी तरी जातो."

ऑफिसात पोहोचल्यावर त्यांनी ट्रॅफिकचं कारण कधी पुढे केलं नाही. "सर, धुंद में मेरे को डर लगता है, इसलिए लेट हुआ." आपा दाभोळच्या खाडीकाठच्या, वडील होडीवर तांडेल. "अब्बा बोलायचे, वाट दिसली नाय तर नांगर टाकायचा. नांगर टाकणाऱ्याला दर्यावर कोण भित्रा म्हणत नाय."

अशा या बाईला लेकीच्या, सनाच्या बाळंतपणासाठी ऐन जानेवारीत कॅनडाला जायची वेळ आली. जावई महिना महिना दूर खाणीवर कामाला. सना व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अम्मी, यू हॅव टू ड्राइव्ह. इट्स ओन्ली स्नो!" आपांचा चेहरा उतरला.

"वर्षा, धुक्यात थांबता तरी येतं गं," त्या मला म्हणाल्या. "बर्फावर ब्रेक मारला तरी गाडी थांबत नाय म्हणे. आणि पोरीला कळा सुरू झाल्या तर?"

त्या रविवारी त्या मला मॉलमधल्या बर्फाच्या रिंगणात घेऊन गेल्या. बर्फ म्हणजे काय ते आधी पायांना कळू दे, म्हणाल्या. सलवार-कमीज, डोक्यावर दुपट्टा, पायांत भाड्याचे बूट. दोन्ही हातांनी कठडा धरून चार पावलं गेल्या आणि बदकन बसल्या. मला हसू आवरेना. आपा मात्र बसल्या जागी बर्फावर तळवा फिरवत राहिल्या. "हे माझ्याच्याने होणार नाय," हळूच म्हणाल्या.

तरी त्यांनी तिकीट रद्द केलं नाही. विमानतळावर त्यांचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला. गेल्या त्या लेकीकडेच राहिल्या. इथला हिवाळा आला की मला त्यांची फार आठवण येते.

बाळंतपणानंतर त्यांचा फोन आला. "सकाळी कळा सुरू झाल्या. बाहेर बघते तर दारापासून रस्त्यापर्यंत सगळी बर्फाची काचच. ॲम्ब्युलन्सवाले बोलले, रस्ते खराब, वेळ लागेल. चावी माझ्या हातात, आणि सना ओरडतेय, अम्मी, ड्राइव्ह!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! भिंत धरून धरून बाजूच्या घरी गेले. दार ठोकलं. एक गोरा म्हातारा आला. त्याला बोलले, सर, माय डॉटर, बेबी कमिंग. आय हॅव कार. आय ॲम व्हेरी अफ्रेड. यू ड्राइव्ह. बिचाऱ्याने पायजम्यावरच कोट चढवला. इतकी हळू नेली गाडी त्याने, मला अब्बा आठवले. अल्हम्दुलिल्लाह, दोघी सुखरूप. मुलगी झाली."

मला रडूच आलं. पलीकडे आपा खुशीत बोलत होत्या.

"काल म्हातारा-म्हातारी सूप घेऊन आले, तर खाणीवरून परतलेला जावई बघतच राहिला. मला विचारतो, अम्मी, आम्ही इतकी वर्षं इथे राहतो, पण यांचं नाव पण आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही आल्या आल्या यांना कसं काय सांगितलंत?"

"काय म्हणालात मग?"

"काय म्हणणार? घाबरले होते, तर सांगितलं."